तुरुंगातील सक्तीची मजुरी : चीनवर आरोप करण्याचा अमेरिकेला अधिकार उरतो का?

तटस्थ :
डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यानुसार चीनच्या वायव्येकडील, उइघुर मुस्लिमांच्या शिनच्यांग प्रदेशात पूर्णतः वा अंशतः तयार झालेला माल, आयातदाराने तसे नसल्याचा भक्कम पुरावा दिल्याखेरीज, सक्तीच्या मजुरीचाच मानला जातो. त्याच अमेरिकेच्या राज्यघटनेतील 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी मोडीत काढताना 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' हा अपवाद राखून ठेवला, आणि टेक्सास वा जॉर्जियासारख्या राज्यांत कैद्यांच्या बहुतेक कामांना आजही छदाम मिळत नाही. चीन आपल्या वार्षिक अहवालांतून अमेरिकेच्या मानवी हक्कांचे वाभाडे काढतो ते अशाच गोष्टींवर बोट ठेवून. अशा स्थितीत अमेरिकेच्या आरोपाला कितपत वजन द्यावे?

शोधयात्री :
आरोप करणारा ढोंगी आहे एवढ्यावरून आरोप खोटा ठरत नाही. शिवाय दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजणेही मला पटत नाही. चीनमध्ये 2013 पर्यंत 'श्रमाद्वारे पुनर्शिक्षण' या नावाखाली पोलीस प्रशासन कोणताही खटला न चालवता माणसाला तीन वर्षे, आणि मुदत वाढवल्यास चार वर्षे, डांबून कामाला जुंपू शकत होते. शिनच्यांगमध्ये डांबलेल्या अनेकांना तर न्यायालयाचे तोंडही पाहायला मिळाले नाही. अमेरिकेतला कैदी निदान सरकारला कोर्टात खेचू शकतो.

जुनी दप्तरे :
या वादाला इतिहास आहे. शीतयुद्धाच्या आरंभी अमेरिकेने सोव्हिएत श्रमछावण्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत लावून धरला, त्यातून चौकशी समिती नेमली गेली आणि पुढे 1957 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सक्तीची मजुरी रद्द करणारा 105 क्रमांकाचा करार झाला. त्याला खुद्द अमेरिकेने मान्यता दिली ती 1991 साली, म्हणजे सोव्हिएत संघ कोसळण्याच्या वर्षी! सक्तीच्या मजुरीविषयीच्या 1930 च्या 29 क्रमांकाच्या मूळ कराराला तर तिने अजूनही मान्यता दिलेली नाही. चीनने ऑगस्ट 2022 मध्ये दोन्ही करार स्वीकारले, आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा शिनच्यांगविषयीचा कडक अहवाल आला. त्या अहवालावर नुसती चर्चा घेण्याचा ठरावही ऑक्टोबरमध्ये मानवी हक्क परिषदेत 17 विरुद्ध 19 मतांनी पडला. भारत तटस्थ राहिला, हेही सांगून टाकतो.

कलमदान :
शोधयात्री यांचा पहिला मुद्दा मान्य आहे, पण 'निदान कोर्टात जाता येते' हे समाधान फारच स्वस्त आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंग गुलाम राबवणाऱ्या पूर्वीच्या मळ्याच्या जमिनीवर उभा आहे. तेथील कैदी सशस्त्र पहाऱ्यात शेतात राबतात, तेही तासाला काही सेंटांवर, आणि कामास नकार दिला तर शिस्तभंगाची कारवाई ओढवते. उन्हाच्या तडाख्यापासून त्यांना संरक्षण द्यावे, असे सांगण्यासाठी 2024 मध्ये संघीय न्यायाधीशाला आदेश काढावा लागला.

मोजमाप हवेच असेल तर 29 क्रमांकाच्या करारातच ते आहे. कैद्याकडून काम घेणे सक्तीच्या मजुरीत मोडत नाही, मात्र त्याला न्यायालयाने दोषी ठरवलेले असले पाहिजे, काम सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली झाले पाहिजे आणि त्याला खासगी व्यक्ती वा कंपनीच्या हवाली करता कामा नये. चीन पहिल्याच अटीत अडकतो. अमेरिका बहुतांशी तिसऱ्या अटीत अडकते, कारण अलाबामासारखी राज्ये कैदी खासगी कंपन्यांना कामासाठी पुरवतात. आणि आयातीचे म्हणाल, तर सक्तीच्या मजुरीच्या मालावर बंदी घालणाऱ्या 1930 च्या अमेरिकी कायद्यातच, देशांतर्गत उत्पादनातून मागणी भागत नसेल तर असा माल चालेल, अशी पळवाट होती, ती बंद व्हायला 2016 उजाडले.

तटस्थ :
अटींचे हे माप उपयुक्त वाटले. तरीही, 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कैद्यांची सक्तीची मजुरी बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, त्याचे काय? तेथे दोष केवळ सरकारच्या माथी मारता येत नाही.