युवराज्ञी कोण? वारस की वारसाची पत्नी?

प्रश्न: राणी होण्याआधी एलिझाबेथ 'युवराज्ञी' होत्या, असं एका लेखात वाचलं. बातम्यांत केट मिडलटनही 'युवराज्ञी'च असतात. नेमका अर्थ कोणता धरायचा?

उत्तर: युवराजाची पत्नी ती युवराज्ञी, हा अर्थ रुळलेला आहे, तोच ठेवावा. एलिझाबेथसाठी हा शब्द नको, आणि त्याचं कारण वारसाहक्काच्या नियमात आहे. युवराज म्हणजे ज्याचा हक्क ठरून गेला तो. १६७४ च्या राज्याभिषेकात संभाजीराजे युवराज म्हणून बसले ते याच अर्थानं. १९३६ ते १९५२ या काळात एलिझाबेथ गादीच्या पहिल्या वारस होत्या खऱ्या, पण तेव्हा धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पुढे जाई. त्यांचे वडील राजे सहावे जॉर्ज यांना मुलगा झाला असता तर त्या मागे सरल्या असत्या. १९४४ मध्ये त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' करा, अशी सूचना आली होती. हा किताब प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे युवराजाच्या, पत्नीचा, म्हणून राजानं ती नाकारली.

इंग्रजी कायदा इथे दोन शब्द वापरतो: 'एअर अपॅरंट', म्हणजे कोणी भावंड जन्मलं तरी ज्याचा हक्क जात नाही तो, आणि 'एअर प्रिझम्प्टिव्ह', म्हणजे एलिझाबेथसारखा, ज्याचा हक्क तसा जाऊ शकतो तो. मी पहिल्याला 'निश्चित वारस' आणि दुसऱ्याला 'तूर्त वारस' म्हणेन. 'संभाव्य वारस' मला पटत नाही. त्यात आज वारस असल्याचा भावच येत नाही. हा 'तूर्त'पणा किती ताणला जाई बघा: १८३७ मध्ये व्हिक्टोरियाला राणी घोषित करतानाही, दिवंगत चौथ्या विल्यमच्या राणीला पुढे मूल झालं तर त्याचा हक्क राखून ठेवला होता!

दुसरं मत: पण निश्चित वारसाचा हक्कही जातोच की. स्वीडनचा कार्ल फिलिप मे १९७९ मध्ये जन्मला तो युवराज म्हणूनच. १ जानेवारी १९८० ला नवा कायदा लागू झाला आणि थोरली बहीण व्हिक्टोरिया वारस झाली.

उत्तर: कार्ल फिलिपचा हक्क कायदाच बदलल्यामुळे गेला, भावंड जन्मल्यामुळे नाही. फरक तिथेच आहे. ब्रिटननंही २०१३ चा कायदा करून, २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांसाठी मुलग्यांचं झुकतं माप काढलं. म्हणून २०१८ मध्ये केट यांचा धाकटा मुलगा लुई जन्मला तरी त्याची थोरली बहीण शार्लट त्याच्या पुढेच राहिली. स्पेनच्या राज्यघटनेच्या ५७ व्या कलमात मात्र मुलग्याला अजून प्राधान्य आहे, त्यामुळे तिथल्या राजाची थोरली मुलगी लिओनोर तूर्त वारसच. स्वीडनच्या व्हिक्टोरियासाठी 'वारस राजकन्या' लिहावं, म्हणजे ती कोणाची पत्नी म्हणून तिथे आहे असं वाटणार नाही.