विषय: ब्लू बिन कंपन्यांकडे गेली, मग हळदीकुंकवाचा कचरा कोणाकडे?

प्रेषक: एक सभासद, स्कारबरो (टोरोंटो, कॅनडा)
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षापासून आमच्या गल्लीत ब्लू बिन, म्हणजे रिसायकलिंगचा निळा डबा, उचलायला महानगरपालिकेची गाडी येत नाही, दुसरीच येते. गेल्या आठवड्यात आमची बिन भरलेलीच राहिली, तेव्हा सवयीने महानगरपालिकेला फोन केला आणि हे काम आता त्यांच्याकडे नसल्याचे कळले. शेजारीण म्हणते की आता कॉफीचे कप, टूथपेस्टच्या ट्यूब आणि हॉटेलातून येणारे काळे डबेसुद्धा ब्लू बिनमध्ये चालतात. हे खरे आहे का, आणि खरे असल्यास २४ तारखेच्या हळदीकुंकवाला सभागृहात जमणारे डबे आणि बाटल्या आपण तिथेच वेगळ्या ठेवल्या तर त्या कोण नेईल, याचा खुलासा समितीने करावा ही विनंती.

---

प्रेषक: भोजन व स्वच्छता समिती
दिनांक: १३ जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'कोणीही नाही' असे आहे, आणि ते मला अजिबात आवडलेले नाही. दोन्ही उत्तरे एकाच नियमावलीतून येतात, म्हणून थोडे मागून सांगतो.

ब्लू बॉक्सची, म्हणजे याच ब्लू बिनच्या योजनेची, सुरुवात आपल्याच ओंटारियो प्रांतात, किचनर शहरात, १९८१ साली काही घरांपासून झाली आणि दोनच वर्षांत ती योजना शहरभर पोहोचली. पुढची वीस वर्षे हा खर्च मुख्यतः नगरपालिकांनी, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांनी सोसला. २००२ च्या कायद्याने साधारण निम्मा भार वेष्टने बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकला, परंतु काय उचलायचे आणि काय नाही हे नगरपालिकाच ठरवत राहिल्या, त्यामुळे टोरोंटोत चालणारी वस्तू शेजारच्या गावात चालत नसे. २०१६ च्या कायद्याने आणि त्याखालील २०२१ च्या नियमावलीने ही घडी मोडली. १ जुलै २०२३ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत एकेक नगरपालिका या व्यवस्थेतून बाहेर पडली, आणि १ जानेवारीपासून संपूर्ण खर्च व जबाबदारी उत्पादकांची झाली. संकलनाची सामाईक व्यवस्था उत्पादकांनीच स्थापन केलेली 'सर्क्युलर मटेरिअल्स' ही ना-नफा संस्था पाहते, त्यामुळे ताईंनी बिन न उचलल्याची तक्रार आता तिच्याकडे नोंदवावी. साधा कचरा आणि ओल्या कचऱ्याची ग्रीन बिन मात्र पूर्वीप्रमाणेच महानगरपालिकेकडे आहे.

याचा घरच्या घरी दिसणारा फायदा म्हणजे प्रांतभर एकच यादी झाली. कॉफीचे कप, आइस्क्रीमचे कागदी डबे, टूथपेस्टच्या ट्यूब, मऊ प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची वेष्टने आणि काळे प्लास्टिक हे सारे त्या यादीत आहे. काळ्या डब्यांची अडचण बहुतेकांना ठाऊक नसते. वर्गीकरणाच्या पट्ट्यावरून माल सरकताना यंत्र त्यावर अवरक्त प्रकाश टाकते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून प्लास्टिकचा प्रकार ओळखते. डब्याला काळा रंग देणारे कार्बनचे रंगद्रव्य तो प्रकाश गिळून टाकते, म्हणून रिकाम्या काळ्या पट्ट्यावरचा काळा डबा यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. आता तो घ्यावाच लागणार असल्याने यंत्रे बदलायची की डब्याचा रंग बदलायचा, हा विचार पहिल्यांदाच डबा विकणाऱ्याच्या दारात गेला आहे. आपण एवढेच करावे की डबा खळखळून विसळावा आणि डब्यात डबा कोंबू नये.

आता सभागृह. ही नियमावली घरे, निवासी इमारती, शाळा आणि वृद्धनिवास यांच्यासाठी आहे. दुकाने, कार्यालये, मंदिरे, चर्च आणि भाड्याची सभागृहे तिच्या कक्षेत येत नाहीत. परिणामी श्रीखंडाचा तोच डबा आपल्या ओट्यावर रिकामा झाला तर त्याचा खर्च उत्पादक देतो, आणि मंडळाच्या पंगतीत रिकामा झाला तर सभागृहाचा मालक ज्या खाजगी कंत्राटदाराशी करार करील त्याच्यावर सारे अवलंबून राहते. गेल्या गणेशोत्सवात आम्ही चौघांनी रात्री साडेअकरापर्यंत बसून बाटल्या, कॅन आणि पुठ्ठा वेगळा करून सात पिशव्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी राहिलेले पातेले आणायला गेलो, तेव्हा त्याच सात पिशव्या मागच्या अंगणातील मोठ्या कचरापेटीत भाताच्या पिशव्यांखाली दबलेल्या दिसल्या. मालकाला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण रिसायकलिंगची गाडी त्याने कधी लावलेलीच नव्हती आणि आम्हीही विचारले नव्हते.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, ब्रॅम्प्टन
दिनांक: १३ जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार.

समितीचे पत्र माहितीपूर्ण आहे, परंतु 'उत्पादक खर्च देतो' हे वाक्य वाचून हसू आले. उत्पादक तो खर्च वस्तूच्या किमतीत घालणार आणि आपणच तो दुकानात भरणार. तरीही घरपट्टी कमी झाल्याचे पत्र मला अद्याप आलेले नाही, ते कोणाला आले असल्यास कळवावे. ठाण्याला आमच्या घरी रद्दीवाला तराजू घेऊन दारात येत असे, वजन करून पैसे हातावर ठेवत असे, आणि माझी आई काटा नीट पाहिल्याशिवाय त्याला जिना उतरू देत नसे. इथे मात्र माल आपला, विसळण्याचे पाणी आपले आणि पैसेही आपलेच. एवढे करून ती बिन शेवटी कुठे रिकामी होते, हे कोणी पाहिले आहे काय?

---

प्रेषक: किराणा दुकान चालवणारे एक सभासद
दिनांक: १४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, संक्रांतीच्या शुभेच्छा. काकांनी गोड बोलण्याचा मुहूर्त एका दिवसाने चुकवला, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे.

'उत्पादक' म्हणजे कारखानदार, असा समज असल्यास तो दुरुस्त करावा लागेल. नियमावलीप्रमाणे कॅनडात ब्रँडचा मालक असेल तर तो उत्पादक ठरतो. तसा कोणी नसेल तर ओंटारियोतील आयातदार, आणि तोही नसेल तर विकणारा दुकानदार. भारतातून येणारी भाकरवडी, चिवडा, पापड आणि लोणची यांच्या बाबतीत ही जबाबदारी बहुधा आयातदारावर येते. ज्यांची प्रांतातील वार्षिक उलाढाल २० लाख डॉलरांपेक्षा कमी आहे, त्यांना सूट आहे. माझ्यासारख्या दुकानदाराला ही सूट हवी आहे आणि तिच्याविना माझे हिशेबाचे काम दुप्पट होईल, हे मी लपवत नाही. पण तिचा अर्थ असाही होतो की छोट्या आयातदाराने आणलेल्या फरसाणाच्या चकचकीत पुड्याही ब्लू बिनमध्ये पडतात आणि त्यांचा खर्च बड्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो. त्या पुड्यांमध्ये प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेला असतो, आणि ते वेगळे करणे हे सगळ्यांत अवघड काम आहे.

दुसरी बाजूही सांगतो. दुकान हे घर नसल्यामुळे माझ्याकडे जमणारे खोक्यांचे पुठ्ठे नेण्यासाठी मी दरमहा खाजगी गाडीचे पैसे भरतो. गिऱ्हाइकाने तेच खोके घरी नेले तर ते फुकट उचलले जाते, आणि काही चतुर गिऱ्हाइके माझ्याच सांगण्यावरून ते घेऊन जातात, हे इथे लिहावे की नाही याचा मी विचार करत होतो.

---

प्रेषक: भोजन व स्वच्छता समिती
दिनांक: १५ जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार.

काकांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. पैसे शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातात, परंतु कोणत्या वाटेने जातात याला महत्त्व आहे. घरपट्टीतून खर्च होत होता तेव्हा चिवडा न खाणाऱ्यालाही चिवड्याच्या पुडीचे पैसे पडत, आणि पुडी कशी असावी हे ठरवणाऱ्याला त्या खर्चाची झळ लागत नसे. आता कंपनीला बाजारात आणलेल्या प्रत्येक प्रकारच्या वेष्टनाच्या वजनावर वर्गणी द्यावी लागते आणि कागद, काच, मऊ प्लास्टिक यांचे दर वेगवेगळे असतात, त्यामुळे वेष्टन हलके किंवा सोपे केले तर कंपनीचा पैसा वाचतो. रद्दीवाल्याचा व्यवहार उलटा होता. ज्याला भाव मिळतो तेच तो नेत असे, आणि दुधाच्या पिशव्या त्याने घेतल्या तरी शाम्पूच्या पुड्या काकांच्या आईंनी त्याला कधी विकल्या असतील असे वाटत नाही.

'बिन कुठे रिकामी होते' हा प्रश्न मात्र मी काकांच्याच बाजूने विचारतो. वस्तू यादीत असणे आणि तिचे रिसायकलिंग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ नियमावलीत कडक प्लास्टिकसाठी ५० टक्के आणि मऊ प्लास्टिकसाठी केवळ २५ टक्के माल परत वापरात आणण्याचे पहिले उद्दिष्ट होते, म्हणजे चारातल्या तीन पिशव्या हातून जाणार हे कायदा करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते. त्यातही २०२५ मध्ये खर्च वाढल्याची तक्रार उत्पादकांनी केल्यावर सरकारने अटी सैल केल्या आणि सार्वजनिक जागांपर्यंत सेवा नेण्याचे बंधन काढून टाकले. सेवा घरापुरती वाढली आणि फाटकापाशी थांबली, असे माझे मत झाले आहे, आणि प्रांतिक आमदारांना मंडळाच्या वतीने एक पत्र जावे असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

तोपर्यंत २४ तारखेचे ठरवलेले कळवतो. सभागृहाच्या मालकाशी बोलणे झाले असून या महिन्यात रिसायकलिंगची गाडी लावणे त्यांना शक्य नाही. म्हणून मसालेभात, मठ्ठा आणि गुळाच्या पोळ्या स्टीलच्या ताटांत वाढल्या जातील. मठ्ठ्याच्या बाटल्या न आणता तो दोन मोठ्या पिंपांत येईल. जिलबी काळ्या डब्यांत बांधून द्यायला हलवाई तयार होते, त्यांना आम्ही आपली पातेली नेऊन दिली आहेत. तरीही जे डबे आणि कॅन निघतील ते सात स्वयंसेवक आपापल्या घरी नेऊन ब्लू बिनमध्ये टाकतील, म्हणजे नियमाच्या दृष्टीने ते घरातलेच होतील.

वाणाबद्दल महिला समितीला एक सुचवावेसे वाटते. गेल्या वर्षी लुटलेल्या प्लास्टिकच्या डब्या या वेष्टन नसून वस्तू आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणत्याही उत्पादकाने वर्गणी भरलेली नाही, आणि माझ्याच घरी त्यांतल्या चार अजून झाकणाविना पडून आहेत.

मंडळाच्या कपाटात १४० ताटे निघाली, वाट्या मात्र ९५ च आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरून दोन वाट्या, मागे नाव लिहून, आणाव्यात. ताटे घासायला रात्री साडेनऊनंतर सहा माणसे लागतील, आजवर दोघांनी नाव दिले आहे.