बंद सरकता जिना आणि पायांची आठवण

‘एखादी गोष्ट नीट कळली की मेंदू आपला अंदाज लगेच सुधारतो’, हे मत मला अर्धेच पटते. बंद पडलेला सरकता जिना स्थिर आहे हे डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही त्यावर पाऊल ठेवताच माझा तोल किंचित जातो. रेनॉल्ड्स आणि ब्रॉन्स्टाइन या संशोधकांनी २००३ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले: सरकत्या पाटावर चढण्याचा सराव झालेल्या व्यक्तींना, पाट आता हलणार नाही असे स्पष्ट सांगूनही, त्या पहिल्या खेपेस गरजेपेक्षा वेगाने चढल्या आणि पुढे झुकल्या. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे निरीक्षण: जे सांगून साधले नाही, ते एका चुकलेल्या पावलाने बरेचसे साधले आणि दुसऱ्याच खेपेस तो परिणाम पुष्कळ ओसरला.