स्कॅनरवर फायर डिपार्टमेंटचं बोलणं ऐकतोय, पण अर्धं डोक्यावरून जातं

रात्रपाळी_यूएसए:
मंडळी, अमेरिकेतलं कोणी फायर स्कॅनर, म्हणजे फायर डिपार्टमेंटचं रेडिओवरचं बोलणं, ऐकतं का? आमच्या काउंटीचं पोलिसांचं चॅनल एन्क्रिप्ट झालंय पण फायरचं अजून उघडं आहे, तर मी काम करताना ब्रॉडकास्टिफायवर (असलं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारी वेबसाइट) ते लावून ठेवतो. आवाज नीट येतो पण बोलतात काय याचा पत्ता लागत नाही. परवा एका घराला आग लागली तेव्हा ऐकलेलं टिपून ठेवलंय. आधी "इंजिन फोर ऑन सीन, टू स्टोरी रेसिडेन्शियल, स्मोक शोइंग चार्ली साइड, लेइंग इन, पासिंग कमांड", मग थोड्या वेळाने "प्रायमरी ऑल क्लिअर", मग डिस्पॅचर (कंट्रोल रूममधून गाड्या पाठवणारी) बाई एकदम म्हणते "कमांड, ट्वेंटी मिनिट्स" आणि तो म्हणतो "वी हॅव पार". हा चार्ली कोण? आणि ऑल क्लिअर झालं तर पुढे तासभर गाड्या तिथे काय करत होत्या? शिवाय ते बॉक्स अलार्म, सेकंड अलार्म म्हणजे नक्की काय वाजतं? कोणी समजावून सांगेल का प्लीज.

होजलाइन:
मी इथे व्हॉलंटियर फायरफायटर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. चार्ली माणूस नाही, बाजू आहे. घराची पत्त्याची म्हणजे सहसा रस्त्याकडची बाजू अल्फा, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे जायचं, डावी ब्राव्हो, मागची चार्ली, उजवी डेल्टा. म्हणजे धूर मागच्या बाजूने येत होता. डाव्या हाताच्या शेजारच्या घराला धोका असेल तर "ब्राव्हो एक्सपोजर" ऐकू येईल. अंधारात, धुरात कोणाची डावी कोणाची उजवी हा घोळ होऊ नये म्हणून ही पद्धत.

लेइंग इन म्हणजे इंजिन (पंप असलेली आगीची गाडी) हायड्रंटपाशी, म्हणजे रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळापाशी, थांबून तिथून आगीच्या दिशेने मोठी पाण्याची लाइन टाकत पुढे गेलं. पासिंग कमांड म्हणजे पहिला ऑफिसर स्वतः आत शिरतोय, तेव्हा बाहेर उभं राहून सूत्रं सांभाळायचं काम मागून येणाऱ्याने घ्यावं.

आता ऑल क्लिअर. इथे जवळपास सगळेच नवे ऐकणारे फसतात. ते आगीबद्दल नसतं, माणसांबद्दल असतं. प्रायमरी सर्च म्हणजे पहिल्या झपाट्यात खोल्या, पलंगांच्या आजूबाजूला, दारामागे कोणी अडकलंय का ते बघणं, ते झालं आणि कोणी सापडलं नाही की "प्रायमरी ऑल क्लिअर". त्या क्षणी स्वयंपाकघर धडाडून पेटलेलं असू शकतं. नंतर आग आटोक्यात आल्यावर सेकंडरी सर्च होतो, तो सावकाश आणि शक्यतो दुसऱ्या टीमकडून, कारण ताज्या डोळ्यांना सुटलेलं दिसतं.

पार म्हणजे पर्सोनेल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट, आपली सगळी माणसं मोजली आणि सगळी जागेवर आहेत. डिस्पॅचर दर 10 किंवा 20 मिनिटांनी (डिपार्टमेंटप्रमाणे बदलतं) वेळ सांगते कारण आगीपुढे उभ्या माणसाला वेळेचं भान राहत नाही आणि दरम्यान छत कमजोर होत असतं, पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत असते. ज्यावर 30 मिनिटं लिहिलंय तो सिलिंडर अंगमेहनत करताना त्याच्या बराच आधी संपतो. कान देऊन ऐकाल तर आतून बोलणाऱ्याच्या आवाजामागे कधीकधी बेल खणखणताना ऐकू येते, ती त्याची हवा कमी झाल्याची खूण. माझं तर अशा वेळी हातातलं काम थांबतंच.

जुना_हॅम:
वर छान लिहिलंय. फक्त पासिंग कमांड सगळीकडे चालत नाही, काही डिपार्टमेंट्समध्ये पहिला ऑफिसर कमांड घेतोच. ही एक गोष्ट कायम लक्षात ठेवा की एका गावचं पाठ करून दुसऱ्या गावचं कळेलच असं नाही. न्यूयॉर्क सिटीत 10-75 म्हणजे खरोखर पेटलेली आग, हाच आकडा दुसरीकडे काहीही असू शकतो. कॅलिफोर्नियात कोड 4 म्हणजे आणखी मदत नको. टँकर म्हटलं तर पूर्वेकडे पाणी वाहणारा ट्रक आणि पश्चिमेकडे वणव्यावर पाणी नाहीतर रिटार्डंट (आग पसरू न देणारं रसायन) टाकणारं विमान, तिकडच्या ट्रकला टेंडर म्हणतात. म्हणूनच 2006 पासून अनेक एजन्सी एकत्र येतात तिथे साधं इंग्लिश बोला असा फेडरल आग्रह आहे.

बॉक्सचं म्हणाल तर 1852 साली बॉस्टनमध्ये टेलिग्राफवर चालणारे अलार्म बॉक्स रस्त्यांवर बसले, प्रत्येकाला नंबर, बॉक्स ओढला की तो नंबर टकटक करत पोचायचा आणि त्या नंबरासाठी ठरलेल्या गाड्या निघायच्या. आज फोनवरून कॉल आला तरी "बॉक्स" म्हणजे त्या ठिकाणासाठी आधीच ठरलेला गाड्यांचा संच. सेकंड अलार्म म्हणजे तसाच आणखी एक संच पाठवा. भोंगा वगैरे काही नाही. किती गाड्या ते प्रत्येक शहराचं वेगळं.

धूरधार:
"मेडे" ऐकलंत तर समजा फायरफायटरच अडकलाय, हरवलाय किंवा हवा संपतेय. तीनदा म्हणतात, बाकी सगळे गप्प होतात, मग तो कुठे आहे, कोणत्या युनिटचा, नाव, काय काम करत होता, काय हवंय हे सांगतो. त्याच्यासाठी बाहेर तयार उभी असते ती बचाव टीम म्हणजे रिट (RIT), न्यूयॉर्ककडे तिलाच फास्ट (FAST) म्हणतात. ओशाचा (OSHA, अमेरिकेची कामगार सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) 1998 चा नियमच आहे की दोघं आत तर किमान दोघं बाहेर सज्ज, फक्त कोणाचा जीव वाचवायचा असेल तर थांबायची सक्ती नाही. "इमर्जन्सी ट्रॅफिक" वेगळं, ते जिना कोसळतोय, तार पडलीय असल्या धोक्याच्या सूचनेसाठी. आणि एक कळकळीची विनंती, असलं काही ऐकलं तर नावं, पत्ते लगेच फेसबुकवर टाकू नका, घरच्यांना ते तिथून कळणं फार वाईट.

रात्रपाळी_यूएसए:
खूप खूप आभार सगळ्यांचे! पत्ते टाकण्याचं एकदम पटलं. अजून दोनच विचारतो. "नथिंग शोइंग" म्हणजे खोटा कॉल का? आणि "नॉकडाउन" झाल्यावर परत "अंडर कंट्रोल" कशाला म्हणतात?

होजलाइन:
नाही नाही, नथिंग शोइंग म्हणजे बाहेरून धूर-ज्वाळा दिसत नाहीत एवढंच. भिंतीच्या आत वायर धुमसत असेल तर बाहेरून घर अगदी ठीकठाक दिसतं, म्हणून त्यापुढे लगेच "इन्व्हेस्टिगेटिंग" येतं.

नॉकडाउन म्हणजे मुख्य ज्वाळा पडल्या, पण विझलं असं नाही. अंडर कंट्रोल म्हणजे आता पसरणार नाही आणि आहेत तेवढ्या गाड्यांत निभावेल, कमांडने हे म्हटलं की वाटेतल्या गाड्या बऱ्याचदा परत फिरतात. त्यानंतर ओव्हरहॉल, म्हणजे सीलिंग खाली ओढायचं, भिंती फोडायच्या, थर्मल कॅमेऱ्याने गरम जागा शोधायच्या. तुमचा तो तासभर इथेच गेला. हे नीट केलं नाही तर आग पुन्हा पेटते आणि पहाटे त्याच पत्त्यासाठी परत टोन पडतात (रेडिओवर कॉलची सूचना वाजते), त्याला रीकिंडल म्हणतात.