मदत हवी आहे: वर्डच्या रिकव्हरीत 'ओरिजिनल' निवडलं, दोन तासांचं काम गेलं

गणपतीपेठ_सांगली
वर्ड २०१६, विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. पतसंस्थेचा ४२ पानी वार्षिक अहवाल, मजकूर श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), मध्ये ताळेबंदाचे तक्ते. शेवटचं सेव्ह २.१० ला, लाईट गेली ४.१५ ला, यूपीएसची बॅटरी उतरलेली. वर्ड पुन्हा उघडल्यावर डावीकडे रिकव्हरीची पट्टी आली. एकाच नावाच्या दोन ओळी. ऑपरेटरने 'ओरिजिनल' वाली उघडली, पट्टी बंद करताना आलेल्या प्रश्नाला 'नो' म्हटलं. फाइलमध्ये २.१० पर्यंतचंच आहे. ऑटोरिकव्हर १० मिनिटांवर होतं. दुसरी प्रत कुठे मिळेल का?

कराडचा_टायपिस्ट
आधी त्या मशीनवर काम थांबवा. नवीन काही टाकू नका, ब्राउझरही नको.

आपल्याकडे ओरिजिनल म्हणजे अस्सल माल, बाकी सगळं डुप्लिकेट. इथे उलट आहे. 'ओरिजिनल' म्हणजे तुम्ही हाताने शेवटचं सेव्ह केलेली प्रत; 'ऑटोरिकव्हर्ड' म्हणजे वर्डने अधूनमधून स्वतः ठेवलेली, बहुतेक वेळा जास्त ताजी. नावापेक्षा त्याखालची वेळ बघायची. आणि त्या 'नो' चा अर्थ 'मला लागणाऱ्या फाइली सेव्ह झाल्यात, या काढून टाका' असा होतो. घाईत तो कोण वाचतो!

तरी एकदा बघा. विंडोज आणि आर दाबून रन उघडा, ॲपडेटा हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण देऊन इंग्रजीत टाका, मग मायक्रोसॉफ्ट, मग वर्ड. एएसडी एक्स्टेंशनची फाइल (वर्डने स्वतः ठेवलेली ऑटोरिकव्हर प्रत) असेल तर पेनड्राइव्हवर कॉपी करा. डबलक्लिक करू नका. वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स या खिडकीतून पेनड्राइव्हवरच्या प्रतीपर्यंत जाऊन ती उघडा. ही खिडकी आधी जे फोल्डर दाखवते त्यात कधीच सेव्ह न केलेल्या किंवा सेव्ह न करता बंद केलेल्या फाइली असतात, त्याही साधारण ४ दिवस. तुमची तिथे असण्याची शक्यता कमी.

गणपतीपेठ_सांगली
वर्डच्या फोल्डरमध्ये एएसडी नाही. रिसायकल बिनही रिकामं.

मिरज_हार्डवेअर
पुसलेल्या ऑटोरिकव्हर फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. साधी हार्ड डिस्क आहे हे नशीब. एसएसडी असती तर ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलींची जागा आपोआप साफ करणारी सोय) पुसलेली जागा लवकर खरोखरच मोकळी झाली असती.

डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. त्याच मशीनवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकलंत तर ते नेमकं तुमच्या फाइलच्या जागेवर बसू शकतं. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विंडोज फाइल रिकव्हरी घ्या (विंडोज १० ची २००४ क्रमांकाची किंवा पुढची आवृत्ती लागते, फुकट आहे, पण कमांड टाइप करावी लागते). त्यात रेग्युलर पद्धत, एएसडीचं गाळण (म्हणजे फक्त त्याच फाइली शोधायच्या), आणि सापडलेलं ठेवायला वेगळा ड्राइव्ह. त्याच ड्राइव्हवर ठेवायला ते नाहीच म्हणतं.

गणपतीपेठ_सांगली
४.०८ ची एएसडी सापडली! पण वर्ड 'खराब आहे' म्हणतंय. ओपनच्या खिडकीत 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' लावलं तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा कचरा.

कराडचा_टायपिस्ट
तो कचरा फेकू नका! श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नाहीत, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली असतात. ही सोय फक्त अक्षरं उचलते, फॉन्ट सोडून देते. सगळं सिलेक्ट करून अहवालातलाच फॉन्ट लावा, त्याच नंबरचा. सुरुवातीला आणि शेवटी मात्र खरा कचरा असतो, तो खोडा. तळटीपा आणि हेडर साध्या मजकुरात मिसळून येतील.

तक्ते मोडलेलेच मिळतील. २.१० च्या फाइलमधले तक्ते ठेवा, आकडे तेवढे भरा, आणि बेरजांचा ताळा खतावणीवरून पुन्हा घ्या.

मिरज_हार्डवेअर
ऑप्शन्स, सेव्हमध्ये १० चे ३ मिनिटं करा. त्याखालची 'सेव्ह न करता बंद केलं तर शेवटची प्रत ठेवा' ही टिक चालू आहे का बघा. ॲडव्हान्स्डमध्ये बॅकअप कॉपीची टिक आहे, ती मुळात बंद असते. चालू केली की आधीच्या सेव्हची प्रत मूळ फाइलशेजारीच राहते. आणि यूपीएसची बॅटरी बदला.