चुन्याच्या गिलाव्याचा पॅच भुसभुशीत निघतोय, मदत हवी (अर्जंट)

वाडेकरी
आर्किटेक्चर, चौथं वर्ष. स्वतंत्र प्रकल्प आहे, अर्धं संशोधन आणि अर्धं हाताने काम. पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याचा जुना गिलावा तपासून तसाच करून दाखवायचाय. जुना नमुना ॲसिडमध्ये विरघळवला, चुना-रेती साधारण १:२ आलं. त्या मापाने दोन बाय दोन फुटांचे तीन पॅच मारले: नुसती रेती, निम्मी सुरखी (विटेची पूड), आणि गूळ-हिरडा. तिन्ही नखाने ओरखडले की पीठ गळतं. महिन्याभरात सबमिशन आहे. काय मिसळलं की घट्ट होईल? कृपया "गाईडला विचार" सांगू नका.

कळीदार
चुना कुठला? कळी (भाजलेला चुनखडक) आणून पाण्यात विरवलीस की पोत्यातला घेतलास? थर किती जाड? पाणी किती दिवस मारलं? भिंत विटेची का दगडाची, जोड मातीचे का चुन्याचे? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि वर "काय मिसळू" विचारतोयस.

सिमेंटसम्राट
१० टक्के पांढरं सिमेंट टाक, दोन दिवसांत टणक. इतकं डोकं कशाला खाजवायचं?

रेवती_क
सम्राट, मातीच्या जोडाची मऊ वीट आणि वर सिमेंट, म्हणजे भिंतीतला ओलावा बाहेर पडायची वाटच बंद. मग तो विटेतूनच वाट काढतो, क्षार विटेच्या आत फुलतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा गिलाव्यासकट उतरतो. आणि चिमूटभर सिमेंट चुन्यात घातलं तर दोन्हीकडून नुकसान, कारण ना सिमेंटची ताकद मिळते ना चुन्याचा श्वास. वाडेकरी, पॅच जमिनीपासून किती उंचीवर आहेत? खाली आधीच सिमेंटचा पट्टा मारलेला आहे का?

वाडेकरी
वीट, मातीचा जोड. खाली तीनेक फूट सिमेंट आहे, पॅच त्याच्या वर. चुना रंगाच्या दुकानातला, १० किलोचं पोतं. चुना तो चुनाच ना? थर साधारण इंचभर. पाणी सकाळ-संध्याकाळ मारलं आणि प्लॅस्टिक घट्ट बांधून ठेवलं. आता सांगा.

कळीदार
म्हणजे सगळं समोर आलं. रंगाच्या दुकानातला चुना बऱ्याचदा शिळा असतो. पोतं उघडं पडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरतो आणि तिथेच त्याची खडूसारखी पूड होते. भिंतीवर मारण्याआधीच तो मेलेला असतो. चिमूटभर चुन्यावर पांढरं व्हिनेगर टाक. चांगला चुना जेमतेम बुडबुडे देईल, मेलेला फसफसेल.

पन्हाळकर
गुळाशिवाय चुना म्हणजे काय! हिरडा कुटून गुळाच्या पाण्यात आठवडाभर भिजवायचा, वास सुटला की तेच पाणी मालात. उडदाचं पाणी, बेलफळ, मेथी... ही यादी अख्ख्या दख्खनमध्ये होती. पॅच क्रमांक तीनमध्ये गूळ किती टाकला ते सांग.

रेवती_क
पन्हाळकर, गुळाने चुन्याची विद्राव्यता वाढते, माल हाताला मऊ लागतो, हे खरं. पण गूळ जास्त झाला की माल उशिरा आवळतो (घट्ट होतो) आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मेलेल्या चुन्याला तर गूळ-हिरडा दोन्ही जिवंत करत नाहीत. तुलनेला दुसरा पॅच हवाच तर त्यात एकच गोष्ट बदल, तीन नव्हे. नाहीतर निकाल कशामुळे आला हे कधीच सांगता येणार नाही.

शिंपलेवाला
कोकणात शिंपल्यांचा चुना असायचा, शिवाय रेतीतही शिंपल्यांचे तुकडे असायचे. ॲसिडमध्ये ते तुकडेही विरघळतात, मग चुना उगीच जास्त दिसतो. पुण्याच्या नमुन्यात काळ्या दगडाची रेती असेल तर प्रश्न कमी, पण कंकराचे (मातीतल्या चुनखडीचे) खडे असतील तर तीच चूक होते. विरघळवण्याआधी भिंगाखाली बघितलंस का?

हिशेबनीस
खरी गोची १:२ मध्ये आहे. तू वजनाचं प्रमाण काढलंस आणि डब्याने मोजून माल केलास. समज, २० ग्रॅम नमुन्यातून १३ ग्रॅम रेती उरली, ७ ग्रॅम विरघळलं. ते ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे, विरलेला चुना नव्हे. १०० भाग कार्बोनेट म्हणजे ७४ भाग हायड्रॉक्साइड, तेव्हा ५.२ ग्रॅम. चुन्याच्या लोण्यात (विरवून मुरवलेल्या ओल्या चुन्यात) निम्मं पाणी असतं आणि ते मिलिलिटरला साधारण १.३५ ग्रॅम भरतं, म्हणजे पावणेआठ मिली लोणी. कोरडी रेती १.६ धरली तर आठ मिली. जुना माल मापाने जवळजवळ १:१ आहे आणि तुझा १:२.

वाडेकरी
वजन ६.८ आणि १३.२ होतं, म्हणजे हेच. पण १:१ ला भेगा नाही पडणार?

हिशेबनीस
पडतील, जर इंचभर जाड एकाच थरात मारलास तर. ८ ते १० मिमीचे दोन थर दे, रेती बारीक-जाड मिळून चांगली चाळलेली घे. शेवटचा हात बारीक रेतीचा, पातळ.

गच्चीवाले
विषय निघालाच आहे तर, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा फुटलाय, वरून टाइल्स घालाव्यात का वॉटरप्रूफिंग?

कळीदार
गच्चीवाले, वेगळा धागा काढा. वाडेकरी, जोड १२-१५ मिमी खरवड, धूळ झाड, भिंत आदल्या दिवशी आणि पुन्हा मारण्याआधी ओली कर. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि चुना आवळायच्या आत सुकतो. प्लॅस्टिक घट्ट बांधून हवाही अडवलीस. चुन्याला ओल आणि हवा दोन्ही लागतात. ओलं तागाचं पोतं लाव, उन्हापासून आडोसा कर.

सुरखी कुठली, हेही सांग. मलब्यातल्या विटांची पूड असेल तर त्यात सिमेंट असतं, आणि खंगर (जादा भाजलेल्या) विटेची असेल तर ती चुन्याशी जवळपास काहीच करत नाही. कमी भाजलेली वीट हवी, बारीक दळलेली.

वाडेकरी
सुरखी मलब्यातलीच. आणि व्हिनेगर टाकलं, भरपूर फसफसला. आता एका महिन्यात कळी विरवून लोणी मुरवू कसं?

रेवती_क
मुरलेलं तीन महिन्यांचं लोणी उत्तम, पण ते शक्य नाही. कळी विरवून पुरेशा पाण्याखाली दोन आठवडे ठेवलंस तरी पॅचला चालेल. कळी पाण्यात टाकायची, पाणी कळीवर ओतायचं नाही. लांब बाह्या, चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. तेवढाही वेळ नसेल तर आयएस ७१२ (बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक) छापलेलं, सीलबंद, ताजं पोतं घे आणि एक दिवस पाण्यात भिजव.

सबमिशनपर्यंत माल आतपर्यंत आवळणारच नाही. पहिल्या महिन्यात काही मिलिमीटरच. म्हणून पॅचचा कोपरा तोडून ताज्या कडेवर फिनॉलफ्थॅलिन (न आवळलेल्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन) मार आणि गुलाबी नसलेला थर पट्टीने मोज. आधीच्या पॅचवरही मार. भुसभुशीत असूनही कुठेच गुलाबी आलं नाही, तर चुना मेलेला होता याचा पुरावाच मिळाला. तो तक्ता रिपोर्टमध्ये टाक.

पन्हाळकर
आणि गुळाचा एक पॅच तेवढा ठेव रे.

वाडेकरी
ठेवतो, पण प्रमाण तुम्ही लिहा, अंदाजाने नको.

पन्हाळकर
लोण्याच्या वजनाच्या एक टक्का गूळ. त्यावर गेलास तर रेवतीताई मला फाडून खातील.