परक्या पोरांच्या यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या आपल्याला एवढ्या का भिडतात?

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मंडळी, माझी भाची अकरावीला आहे, तिच्यामुळे मला यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे बारा-अठरा वयाच्या पोरांसाठीच्या पुस्तकांचं वेड लागलंय. त्यातही ती घरात एक भाषा, शाळेत दुसरी अशी अडकलेल्या पोरांची पुस्तकं असतात ना, ती जास्तच. आता मी चाळिशी पार केलेली बाई, डोंबिवली सोडून कुठे राहिले नाही, व्हिएतनामशी माझा काय संबंध? पण थान्हा लाईचं 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' (२०११) हातात घेतलं आणि सुटेना. १९७५ चं सायगाव, दहा वर्षांची 'हा' (हो, मुलीचं नावच 'हा' आहे). नवीन वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल पुरुषाचं पडलं पाहिजे, तरच भाग्य लाभतं, म्हणून आई भावांपैकी एकाला आधी उठायला सांगते. तर ही बया सगळ्यांच्या आधी उठून पायाचा अंगठा गुपचूप फरशीला टेकवते! आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ कुणाची यावरून मी घातलेले राडे आठवले. पण एवढ्यावरच आवडतं की अजून काही आहे? तुम्हाला काय वाटतं?

एडिसनची_आई:
माझी लेक चौदाची, इथे न्यू जर्सीतच जन्मलेली. तिला पुस्तकात मराठीच माणसं पाहिजेत असं अजिबात नाही. तिची लाडकी म्हणजे 'मिस मार्व्हल' या सुपरहिरो कॉमिकमधली कमला खान, पाकिस्तानी घरातली, आमच्या शेजारच्या जर्सी सिटीची. २०१४ च्या त्या कॉमिकच्या सुरुवातीलाच ती दुकानात बेकनचं (डुकराच्या मांसाचं) सँडविच नुसतं हुंगत उभी असते, खायचं नाही फक्त वास घ्यायचा. लेक ते पान दाखवून म्हणाली, आई ही मीच आहे. अगं पण आपल्याकडे बेकनला बंदी कुठेय? तर म्हणे तो मुद्दाच नाही 😄
आधीच्या पिढीच्या पोरांना हेही नव्हतं. इथल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ ची मोजदाद केली तेव्हा साधारण २५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८. देशी लोकांचं तर विचारूच नका.

खवट_वाचक:
आधी एक किरकिर, वरचं व्हिएतनामवालं पुस्तक आठ ते बारा वयाचं आहे, यंग अ‍ॅडल्ट नाही. असो. मला या प्रकारातली निम्मी पुस्तकं एकाच साच्यातली वाटतात बुवा. डब्याला वास येतो म्हणून पोरं हसणार, बाई नाव चुकीचं घेणार, आईबाप कडक, आणि शेवटी आजीने काहीतरी शहाणपणाचं बोलायचं की संपलं. वर प्रत्येक पदार्थ गोऱ्या वाचकाला समजावून सांगायचा, तिथे तर मी पान उलटतो.
अपवाद सांगतो, जीन लुएन यांगचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' (२००६). प्रिंट्झ, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट पुस्तकांचा अमेरिकेतला पुरस्कार, तो मिळालेली पहिली चित्रकादंबरी. त्यातही डबा आहे, बाई नाव चुकतात, वर पोरगा थेट चीनहून आला असं वर्गाला सांगतात आणि तो बिचारा म्हणतो सॅन फ्रान्सिस्को. पण पुढे तैवानहून नवा मुलगा येतो तेव्हा आपला हीरोच त्याला टाळायला बघतो, आपल्याला कुणी त्याच्यासोबत मोजू नये म्हणून. इथे पुस्तक खरं होतं. सोसणारं पोरगंही हलकटपणा करतं, हे मान्य करायला लेखकाच्या अंगात दम लागतो.

सातपुडा_मास्तर:
मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवतो, पोरांच्या घरात पावरी नाहीतर भिली आणि पुस्तक मराठीत. डोंबिवलीताई, तुमच्या त्याच पुस्तकातला एक प्रसंग मी आठवीला तोंडी मराठी करून सांगितला. ती मुलगी सायगाव सोडून अमेरिकेत अलाबामात येते आणि शाळेत जाते, बाई तिला वीसपर्यंत आकडे म्हणायला लावतात आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवतो, आणि हिचं डोकं फिरतं कारण ही सायगावात अपूर्णांक शिकून आलेली, पण ते सांगायला इंग्रजी कुठून आणणार. मला वाटलं पोरं हसतील. कोणी हसलं नाही, मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, सर पहिलीत आमच्यासाठीपण टाळ्या वाजवल्या होत्या. मग विचारायला लागले तिने कुणाला धोपटलं की नाही. तिचा भाऊ ब्रूस लीचा भक्त आहे आणि तिला डाव शिकवतो म्हटल्यावर वर्ग खूश, उरलेला तास त्यातच गेला.
खवटभाऊ, तुम्हाला साचा वाटतो कारण तुमच्याकडे शंभर पुस्तकं आहेत. या पोरांना साच्यातलं एक तरी मिळू दे की. घरी पावरी आणि शाळेत मराठी अशा मुलाची जाडजूड मराठी कादंबरी माझ्या शाळेच्या कपाटात नाही, कुणाला माहीत असेल तर नाव टाका.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मास्तर, मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं वाचून मला माझं अकरावी सायन्स आठवलं, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि मग फिजिक्सच्या तासाला ढिम्म. म्हणजे व्हिएतनाम लांब नव्हतंच तर! नाव मलाही सुचत नाहीये, पण भाचीला कामाला लावते.

खवट_वाचक:
मास्तर, मान्य. पण मिळालं तर आधी मला पाठवा, आजी निघाली तर सांगतो 😏